लाँच लूप आणि आपला रूळ: बिघडल्यावर कुठल्या बाजूला पडतं?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि तिचे तीन सोबती प्रकल्पाला विषय शोधताहेत. रॉकेटशिवाय अवकाशात माल पाठवायच्या ज्या कल्पना मांडल्या गेल्यात, त्यांतला लाँच लूप त्यांना आवडला. ती विचारते, "काका, हेच तंत्र आडवं करून जमिनीवर आणलं तर? उजनीच्या फुगवट्यावरून आणि भोर घाटावरून खांबांशिवाय मार्ग न्यायचा आणि मुंबई तासाभरात गाठायची. होईल का? नसेल तर का नाही?"

मी चौतीस वर्षं पी-वेत काढली. म्हणजे रूळ, खडी, स्लीपर, पूल. त्यातली बरीचशी दौंड ते वाडी या पट्ट्यात. अवकाशातलं मला कळतं ते वाचून, रुळातलं कळतं ते चालून. तेव्हा मी रुळाच्या बाजूने बोलणार हे आधीच धरून चाल.

उत्तर पहिल्यांदाच सांगून टाकतो. खांबांशिवायचा पूल सोड. हवा काढलेल्या नळीतून पळणारी गाडी, म्हणजे हायपरलूप, आपल्या उन्हात फार महाग पडेल. पण अशा योजनांत माल सरळ रेषेत रेटणारी जी मोटर असते, ती मात्र घाटात कामाची आहे, आणि तुझ्या घरच्या कापड विणायच्या मागावरसुद्धा.

लाँच लूप म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो, कारण तुझ्या सोबत्यांपैकी एकाने त्याला 'अवकाशातला रोपवे' म्हटलंय आणि ते चुकीचं आहे. अमेरिकेतल्या कीथ लॉफस्ट्रॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली. पाचेक सेंटीमीटर जाडीची लोखंडी नळी एका निर्वात आवरणातून सेकंदाला १४ किलोमीटर वेगाने अखंड फिरत ठेवायची. या वेगाने सोलापूरहून निघालेली वस्तू अर्ध्या मिनिटात मुंबईत असेल. पृथ्वीभोवती जमिनीलगत फिरायला सेकंदाला आठ किलोमीटरही पुरतात, त्यामुळे याहून जोरात पळणाऱ्या नळीला बाहेर, वर सुटायचं असतं. तिला चुंबकांनी आवरून धरलं की त्या रेट्यावर आख्खा मार्ग ८० किलोमीटर उंचीवर उभा राहतो, २००० किलोमीटर लांब. खालून पेलायला कुठे खांब नाही. शेतात मोटर सुरू केल्यावर वळणावरची नळी कशी बाहेर रेटते, ते आठव. पाण्याच्या जागी लोखंड, एवढाच फरक.

कल्पना खोटी नाही. गणित चोख बसतं. म्हणूनच आपण तेच गणित पुलाला लावून बघू.

एक किलोमीटरचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर धर, मधे खांब नाही. पुलाचं स्वतःचं वजन आणि वरची गाडी मिळून मीटरला १० टन धर, आणि कमानीची उंची गाळ्याच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे १०० मीटर. कमानीचं सूत्र तुम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलात: भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. उत्तर येतं १२,५०० टन. एवढा आडवा जोर दगडी कमानीत दाबाने येतो. लाँच लूपच्या फिरत्या नळीच्या जागी आपल्या पुलात फिरती लोखंडी साखळी धरू, तिच्यात तो वेगाने आणायचा. मीटरला १०० किलोची साखळी, एक पदर जाणारा आणि एक येणारा, असं धरलं तर वेग लागतो सेकंदाला सुमारे ७८० मीटर. आवाजाच्या दुपटीहून जास्त.

इथे दोन गोष्टी लक्षात घे. पहिली, टोकाला साखळी वळवून परत पाठवायची म्हटली की तिथल्या पायावर तेच १२,५०० टन येतात. साध्या कमानीला जेवढा भक्कम टेकू लागला असता तेवढाच इथेही लागतो. खांब वाचले, पाया वाचला नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या साखळीत साठलेली ऊर्जा म्हणजे जोर गुणिले लांबी, त्याचं अर्धं. साखळी जाड घे की बारीक, हे उत्तर बदलत नाही. आपल्या पुलाला ते येतं ६१ गिगाज्यूल, म्हणजे सुमारे १७ हजार युनिट. आपल्या सोलापूरच्या एनटीपीसी वीज केंद्राचे ६६० मेगावॉटचे दोन्ही संच पूर्ण भाराने चालले तर ४६ सेकंदांत एवढी वीज तयार होते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण स्फोटकांच्या हिशेबात ते साडेचौदा टन टीएनटी आहे, आणि ते पुलाच्या आत, प्रवाशांच्या पायाखाली फिरतंय.

गाळा दहापट केला, उंचीही त्याच प्रमाणात वाढवली, तर ऊर्जा शंभरपट होते. दहा किलोमीटरच्या गाळ्याला तेच दोन संच सव्वा तासाहून जास्त राबवावे लागतील. आणि एक किलोमीटरसाठी हे सगळं करायचंच कशाला? चिनाबवरच्या रेल्वे पुलाची कमान ४६७ मीटरची आहे. तुर्कस्तानात दार्दानेल्सवर २०२२ साली सुरू झालेल्या झुलत्या पुलाचा मधला गाळा २०२३ मीटरचा आहे. साध्या पोलादाने जे होतं, तिथे आपली साखळी लागत नाही. पोलाद जिथे थकतं, तिथे साखळीतली ऊर्जा भीती वाटावी एवढी होते. मधली मोकळी जागा फार थोडी आहे, आणि उजनीचा फुगवटा त्या जागेत येत नाही. तिथे पाणी उथळ आहे, खांब उभे राहतात. भिगवणला हिवाळ्यात फ्लेमिंगो पाण्यात उभे राहून चरतात ते उगाच नाही.

आता तुझ्या सोबत्याचा मुद्दा: "वीज गेली तर पूल पडेल असं सगळे म्हणतात, पण साखळी तर फिरतच राहील ना?" पोरगं बरोबर बोलतंय. ती साखळी म्हणजे एक भलं मोठं फ्लायव्हील, फिरण्यात ऊर्जा साठवणारं जड चाक आहे. निर्वातात, चुंबकांवर तरंगत, शंभर किलोवॉटची गळती धरली तरी साठा संपायला आठवडा लागेल. भीती वीज जाण्याची नाही. भीती आहे ती साखळीला आवरून धरणाऱ्या चुंबकांची आणि आवरणाला पडणाऱ्या भोकाची.

कायमचुंबकांच्या नुसत्या रचनेवर वस्तू स्थिर तरंगत ठेवता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ सालीच दाखवून दिलं. म्हणजे क्षणाक्षणाला मोजायचं आणि क्षणाक्षणाला सावरायचं. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा मानकरी बघितलायस ना? कमरेच्या पट्ट्यात काठीचा भार, नजर वर, आणि पावलागणिक तोल. ती काठी उभी आहे असं आपण म्हणतो, पण ती प्रत्यक्षात सतत पडत असते आणि तो तिला सतत सावरत असतो. सात काठ्या अडुसष्ट लिंगांच्या फेरीला निघतात तेव्हा वाटेवर गर्दी बाजूला केलेली असते, पेलणाऱ्याचा जोडीदार तयार असतो, आणि सगळ्यांना माहीत असतं की हे थोड्या वेळाचं काम आहे. पूल शंभर वर्षांचा असतो. त्याखालून रोज कुणीतरी म्हशी नेतो.

आता ज्यासाठी हे उत्तर लांबवलं तो मुद्दा. रेल्वेत आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच सवय लावतात. वस्तू बिघडेलच, तर बिघडल्यावर कुठल्या बाजूला पडते ते आधी विचार. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की हात आपोआप आडवा होतो, गाडी थांबते. कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले की ब्रेकचा पाइप फाटतो आणि दोन्ही तुकड्यांना ब्रेक लागतो. ट्रॅक सर्किटमध्ये, म्हणजे रुळातूनच वीज खेळवलेली असते तिथे, रूळ तुटला की रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल. वजन, हवा, स्प्रिंग: पडायचं ते गाडी थांबायच्या बाजूला. फिरत्या साखळीचा पूल उलट्या बाजूला पडतो. जोवर सगळं ठीक, तोवर उभा. एक गोष्ट चुकली की आडवा, आणि साठवलेली ऊर्जा सोबत घेऊन.

तरी तुम्हाला यावर काम करायचंच असेल, तर एक मधला रस्ता सुचवतो. पुलाचं स्वतःचं वजन साध्या पोलादाने पेलू दे, आणि वरच्या गाडीच्या भाराचा फक्त काही हिस्सा साखळीने. गाडी साखळीशिवायही कशीबशी पेलली जाईल, इतकं पोलाद ठेवायचंच. मग साखळी बिघडली तर पूल बंद करावा लागेल, तो कोसळणार नाही. अशा मांडणीत पोलाद किती वाचतं आणि टेकूचा खर्च किती वाढतो, एवढंच गणित केलंत तरी प्रकल्प उभा राहील. माझा अंदाज, फारसं वाचणार नाही. पण आकड्याने सिद्ध केलंत तर मी मान्य करेन.

आता हायपरलूपच्या नळीकडे येऊ. मुंबई-पुणे हायपरलूपला राज्य सरकारने २०१९ साली सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला होता. ती बांधू पाहणारी कंपनी २०२३च्या अखेरीस बंद पडली. चेन्नईत आयआयटी मद्रासने ४२२ मीटरची चाचणी-नळी उभारली आहे, आणि तिथे मुलं खरं शिकताहेत हे चांगलंच आहे. माझा आक्षेप वेगावर नाही, उन्हावर आहे.

एका मे महिन्यातली गोष्ट. माझ्या हाताखालच्या एका तुकड्यात सकाळी पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासायचं काम झालं. खडी हलवली की रुळाची पकड काही दिवस सैल असते, म्हणून तापमान चढायच्या आत काम थांबवायचं असतं. मी अर्धा तास जास्त रेटलं, गाडीची वेळ सांभाळायला. दुपारी अडीचच्या सुमारास कीमनने, म्हणजे रूळ तपासत चालणाऱ्या माणसाने, लाल झेंडी दाखवून मालगाडी थांबवली. पुढे रूळ वीतभर बाजूला सरकून नागासारखा वळला होता. कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

का वळतो ते बघ. आमचे लांब जोडलेले रूळ प्रसरण पावतच नाहीत. टोकाचे शंभरेक मीटर काय ते हलतात, मधला सगळा भाग खडीने घट्ट धरलेला. वाढायला जागा नाही म्हणून आत दाब साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात दर अंशाला १.९ टन. ज्या तापमानाला रूळ बांधला त्याच्या वर ३० अंश चढला की ५७ टन, दोन रुळांत ११४. आपल्याकडे दुपारी रूळ साठीच्या पुढे जातो, हात लावून बघायचं धाडस करू नकोस.

आता रुळाच्या जागी अडीच मीटर व्यासाची, दोन सेंटीमीटर जाड पोलादी नळी ठेव. दर अंशाला जोर येतो ३९ टन. तीस अंशांना अकराशे-बाराशे टन, आणि धरून ठेवायला खडी नाही, खांब आहेत. मोकळी सोडली तर? सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धर आणि हिवाळ्याची रात्र ते उन्हाळ्याची दुपार ४० अंशांचा फरक धर. नळी ११५ मीटर वाढते. म्हणजे वाटेत शेकडो सरकते सांधे, आणि प्रत्येक सांध्याने हवा रोखायची. बाहेरून हवेचा दाब प्रत्येक चौरस मीटरला दहा टन.

गळतीचं म्हणशील तर आमच्या पिढीने व्हॅक्युम ब्रेकवर गाड्या चालवल्यात. इंजिनात जेवढा व्हॅक्युम दिसायचा तेवढा गार्डच्या डब्यात कधीच दिसला नाही. तीसेक होजपाइप आणि रबरी वायसर यांच्यात हवा कुठून शिरायची ते शोधायला सीएनडब्ल्यूचे, म्हणजे डबे-वॅगन दुरुस्तीचे लोक गाडीखाली आडवे व्हायचे. आणि तो व्हॅक्युम म्हणजे काय, तर तीसेक टक्के हवा आतच राहायची. हायपरलूपला हजारातला एक भाग चालतो. नळी जमिनीखाली गेली तर ऊन टळतं, पण मग खर्चाचं नाव 'बोगदा' होतं. जपानमध्ये बांधला जात असलेला टोकियो-नागोया चुंबकीय मार्ग बहुतांश बोगद्यातच आहे, आणि ५०५ किलोमीटरच्या वेगासाठी त्यांना वळणाची त्रिज्या आठ किलोमीटरपेक्षा कमी ठेवता येत नाही.

वाहतूक म्हणजे वेगच, हा आणखी एक गैरसमज. अवकाशात जायचं तर वेग विकत घ्यावाच लागतो, त्याशिवाय वस्तू वर राहत नाही. म्हणून लाँच लूपची योजना पाच टनांची गाडी कशी पळवायची याची आहे. आमचं काम टनांचं आणि माणसांचं. २०१३च्या मूळ हायपरलूप आराखड्यात २८ जणांची कुपी, दोन मिनिटांना एक, म्हणजे तासाला ८४० माणसं. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये एका फेरीत ११२८ बसतात, आणि आपली मुंबई-सोलापूर वंदे भारत ४५५ किलोमीटर साडेसहा तासांत जाते. आषाढीला कुर्डुवाडी आणि मिरजेकडून पंढरपूरला जाणाऱ्या गाड्यांचं दार लागत नाही, तिथे २८ची कुपी घेऊन मी कुठे उभा राहू?

आता चांगली बाजू. ती थोडक्यात नाही सांगणार, कारण तुझा प्रकल्प तिथेच आहे.

अवकाश आणि रूळ यांच्यातली ये-जा जुनी आहे, आणि तुम्ही समजता त्याच्या उलट दिशेनेही झालीय. द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवणारे रॉबर्ट गोडार्ड विद्यार्थी असतानाच निर्वात नळीतल्या रेल्वेचा विचार करत होते. तिचं पेटंट त्यांच्या मृत्यूनंतर १९५०मध्ये मिळालं. जेम्स पॉवेल यांना न्यूयॉर्कच्या वाहनकोंडीत अडकलेले असताना चुंबकीय गाडी सुचली. गॉर्डन डॅन्बी यांच्यासोबत त्यांनी १९६०च्या दशकात अतिवाहक चुंबकांची रचना मांडली आणि जपानची आजची गाडी त्याच वाटेवरची. पुढे त्याच पॉवेलनी ती मोटर आकाशाकडे वळवून स्टारट्रॅम नावाची प्रक्षेपणाची योजना केली. एमआयटीतले हेन्री कोल्म आधी चुंबकीय गाडीवर काम करत होते, मग जेरार्ड ओनील यांच्यासोबत चंद्रावरून माल फेकायच्या मास ड्रायव्हरवर. आणि आपल्या घरचं उदाहरण: १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे बांधणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटी गेज, दर आसाला पाच टन भार सारखा वाटून द्यायचा, म्हणजे हलक्या रुळावरही जड माल जातो. पुढे याच माणसाने विमानातून उडी मारायची पॅराशूट बनवली, नाव 'गार्डियन एंजल'. इंजिन बंद पडल्यावर माणूस कुठे पडतो, याचा विचार रेल्वेवाल्याला सुचला याचं मला नवल नाही वाटत.

कॅलथ्रॉपची ती भार वाटून द्यायची युक्ती धर आणि घाटात चल. कर्जत ते लोणावळा, चढ ३७ला १. चाळीस भरलेल्या वॅगनची ३२४० टनांची गाडी तिथे मागे खेचते ८७ टनांनी. सगळा जोर इंजिनांच्या चाकांनी, पावसात ओल्या रुळावर. चाक घसरलं की वाळू, मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावायची. आता मास ड्रायव्हरची मोटर, म्हणजे सरळ उलगडून पसरलेली मोटर, दोन रुळांच्या मधे टाक आणि वॅगनखाली अॅल्युमिनियमची पट्टी लाव. प्रत्येक वॅगनला सव्वादोन टनांचा रेटा मिळाला की पुरे. चाक फक्त भार पेलतं, ओढत नाही. मग घसरण्याचा प्रश्नच नाही. चाकं रुळावरच, म्हणून मोटर बंद पडली तर गाडी नेहमीच्या ब्रेकवर उभी. पडते ती बरोबर बाजूला. व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८०च्या दशकापासून याच मोटरवर चालते, टोकियोची ओएदो भुयारी लाइनही.

अडचण काय, तर मोटर आणि पट्टी यांच्यात फट दहा-बारा मिलिमीटरच हवी, आणि खडीवरचा रूळ एका पावसाळ्यात त्याहून जास्त बसतो. तेव्हा घाटात खडी काढून काँक्रीटच्या पाट्यावर रूळ घालावा लागेल. रोजच्या गाड्या चालू ठेवून. हे काम ज्याने केलंय त्यालाच त्याचा खर्च कळतो. शिवाय देशभर फिरणाऱ्या वॅगनला पट्टी लावायची, म्हणजे सगळ्याच वॅगनला लावायची. म्हणून सुरुवात अशा जागी करा जिथे तेच रेक, म्हणजे वॅगनचे तेच संच, त्याच मार्गावर फिरतात, खाणीपासून कारखान्यापर्यंत.

तुम्ही चौघं मात्र मागापासून सुरू करा. तुझ्या घरी माग आहेत असं तू लिहिलंस. आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूने मारला जातो, दुसऱ्या पेटीत आपटून थांबतो, पुन्हा मारला जातो. प्रत्येक वेळी दिलेली ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत वाया. पूर्व भागात राहणाऱ्याला तो आवाज काय ते सांगायला नको. दोन टोकांना दोन छोट्या सरळ मोटरी बसवा. एक फेकते, दुसरी झेलते आणि झेलताना आलेली वीज कपॅसिटरमध्ये परत जाते. मास ड्रायव्हर आणि लाँच लूपमधलं जमिनीवर खरं उपयोगी पडणारं सगळं यात आलं: रेटा, मोजणी, झेल, परतावा.

शंभर फेकींत किती ऊर्जा परत मिळाली ते नोंदवा. मग मुद्दाम वीज तोडा, धोटा अर्ध्या वाटेत असताना, आणि तो कुठे जाऊन थांबतो ते लिहून ठेवा. परीक्षक आधी तेच विचारतील. मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. वडिलांना आधी विचार, आणि चालू माग न घेता अडगळीतला जुना घ्या. मी रविवारी सकाळी मोकळा असतो, वेळ घेऊन या. वहीत आकडे असले तरच या.